सिलिकोनचा पृष्ठभाग आणि प्लाझ्मा : एका नळीच्या निमित्ताने

(दोहा येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचे लेखरूप)



वैद्यकशास्त्रातील एखादा विषय आपल्यापुढे मांडावा अशी आज्ञा कार्यकारिणीने मला केली. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार या विषयांवर या व्यासपीठावरून पूर्वी पुष्कळ बोलले गेले आहे. म्हणून आज मी एक वेगळा विषय घेतला आहे. प्रथमदर्शनी तो रसायनशास्त्राच्या वर्गातील वाटेल. परंतु आपल्यापैकी ज्यांचे आईवडील गावी आहेत, त्या प्रत्येकाच्या घराशी त्याचा संबंध आहे. विषय आहे सिलिकोन नावाच्या पदार्थाचा पृष्ठभाग प्लाझ्माच्या साहाय्याने बदलण्याचा, आणि त्या बदलाचा रुग्णाला किती उपयोग होतो याचा. या विषयाकडे मी कसा वळलो, हे प्रथम सांगणे मला आवश्यक वाटते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे वडील त्या वेळी ७८ वर्षांचे होते. परभणी जिल्ह्यातील आमच्या गावी ते धाकट्या भावाकडे राहत. प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यामुळे त्यांना लघवी होईना. हृदय अशक्त असल्याने शस्त्रक्रिया टाळून मूत्राशयात नळी बसविण्याचा निर्णय तेथील डॉक्टरांनी घेतला, आणि तो योग्यच होता. मी येथे दोह्यात. दर शुक्रवारी फोन करीत असे. नळीची चौकशी केली की वडील म्हणत, "नळीचं काही नाही रे, तू तुझी नोकरी सांभाळ." भावाने एकदा सांगितले, "दादा, सिलिकोनची नळी आहे, तीन महिने चालते." मी निश्चिंत झालो. सिलिकोनची नळी साधारणपणे १२ आठवड्यांपर्यंत ठेवता येते, हे मला ठाऊक होतेच.

अकराव्या आठवड्यात वडिलांना हुडहुडी भरून ताप आला, लघवी पूर्ण थांबली आणि रक्तदाब खाली गेला. त्यांना तालुक्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी हलविण्यात आले. नळी काढताना तिच्या टोकाभोवती चुनखडीसारखे कठीण कवच जमलेले आढळले. जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. मी तिसऱ्या दिवशी पोहोचलो. भावाने नळीचे जुने वेष्टन जपून ठेवले होते, ते त्याने माझ्या हातात दिले. त्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत 'सिलिकोनाइज्ड' असे छापलेले होते आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'लेटेक्स'.

बंधू-भगिनींनो, त्या दोन शब्दांतील अंतर माझ्या शिक्षक भावाला कळले नाही, नळी विकणाऱ्याने ते सांगितले नाही, आणि मी डॉक्टर असूनही वेष्टनावर काय लिहिले आहे हे एकदाही विचारले नाही. ती नळी रबराची होती. तिच्या पृष्ठभागावर सिलिकोनचा केवळ पातळ लेप होता. असा लेप नळी घालताना घर्षण कमी करतो. परंतु रबराच्या नळीला तो पूर्ण सिलिकोनच्या नळीचे आयुष्य देत नाही. अशी नळी अल्प काळासाठी असते, फार तर काही आठवड्यांसाठी. आम्ही लेपावर विश्वास ठेवला आणि आतील पदार्थ विसरलो.

त्यानंतर मी या विषयाचे वाचन सुरू केले. त्यातून जे समजले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

वाळूपासून नळीपर्यंत

प्रथम दोन शब्दांतील भेद स्पष्ट करतो. सिलिकॉन हे मूलद्रव्य आहे; संगणकाच्या चिप त्यापासून बनतात. सिलिकोन हा त्या मूलद्रव्यापासून तयार केलेला बहुवारिक, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ आहे. आपल्या स्वयंपाकघरातील केकचा मऊ साचा, मोबाइलचे लवचिक आवरण, लहान बाळाच्या दुधाच्या बाटलीचे बोंडूस हे सारे बहुधा सिलिकोनचे असते.

कतारमध्ये राहणाऱ्याला हा पदार्थ समजणे अवघड नाही. खोर अल अदैदच्या टेकड्यांवर आपण मुलांना घेऊन जातो. तेथील वाळूत सिलिका असते. सिलिका म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे संयुग. कारखान्याला मात्र वाळवंटातील वाळू चालत नाही, अधिक शुद्ध गारगोटीचा दगड लागतो. त्यातून सिलिकॉन वेगळे काढतात. दुसरा घटक मिथेनॉलपासून मिळतो, आणि आपल्या मेसाईद येथे नैसर्गिक वायूपासून मिथेनॉल तयार होते. मिथेनॉलपासून बनविलेल्या मिथाइल क्लोराइडची सिलिकॉनशी तांब्याच्या सान्निध्यात अभिक्रिया घडविण्याची रीत अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ यूजीन रोचो यांनी १९४० मध्ये शोधली. आजचा सिलिकोन उद्योग तिच्यावरच उभा आहे.

या साखळीचा कणा सिलिकॉन, ऑक्सिजन, पुन्हा सिलिकॉन, पुन्हा ऑक्सिजन असा असतो. प्रत्येक सिलिकॉन अणूला मिथाइलचे दोन गट दोन्ही बाजूंनी चिकटलेले असतात. कणा काचेच्या कुळातील, तर बाहेरचे आवरण मेणाच्या किंवा तेलाच्या स्वभावाचे. म्हणूनच सिलिकोन उष्णता सहन करते, वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करता येते, थंडीत कडक होत नाही आणि शरीरातील द्रवांशी सहसा अभिक्रिया करीत नाही.

वैद्यकात या पदार्थाचा प्रवेश झाला त्यामागे एका पित्याची कथा आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात जॉन होल्टर नावाचे तंत्रज्ञ कुलुपांच्या कारखान्यात नोकरी करीत होते. त्यांच्या नवजात मुलाच्या मेंदूत पाणी साचू लागले. ते पाणी बाहेर नेणारी आणि उलटे येऊ न देणारी खात्रीशीर झडप त्या काळी उपलब्ध नव्हती. होल्टर यांनी ती स्वतः बनविली, आणि तिच्यासाठी सिलिकोन निवडले. १९५६ मध्ये यूजीन स्पिट्झ या शल्यविशारदांच्या सहकार्याने ती वापरात आली. होल्टर यांचा स्वतःचा मुलगा बालपणीच गेला. परंतु त्या झडपेने पुढे असंख्य मुलांचे प्राण वाचविले. आपल्या देशात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बालशल्यविशारद डॉ. उपाध्याय यांनी गरिबांना परवडेल अशी भारतीय बनावटीची झडप तयार केली. आज सिलिकोन मूत्रनलिकेत आहे, मेंदूतील झडपेत आहे, कर्णबधिर मुलांच्या कानातील कृत्रिम यंत्राच्या आवरणात आहे आणि डोळ्यांवरील भिंगातही आहे.

अळवाच्या पानावरचे पाणी

एवढा गुणी पदार्थ असताना अडचण कोठे येते? अडचण त्याच्या पृष्ठभागाची आहे.

गावाकडे आपण सर्वांनी अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा गोल होऊन घरंगळताना पाहिला आहे. सिलिकोनचा स्वभाव त्याच जातीचा, जरी तितका तीव्र नसला, तरी पाण्याला दूर ठेवणारा आहे. हा स्वभाव मोजण्याची एक साधी रीत आहे. पृष्ठभागावर पाण्याचा थेंब ठेवावा आणि थेंबाची कड पृष्ठभागाशी किती अंशांचा कोन करते ते पाहावे. याला संपर्ककोन म्हणतात. स्वच्छ काचेवर पाणी पसरते, तेव्हा कोन अगदी लहान असतो. सिलिकोनवर तो सुमारे १०५ ते ११० अंश भरतो. कोन ९० अंशांहून अधिक असेल, तर पृष्ठभागाला पाणी नकोसे आहे असे समजावे.

पाणी नको म्हणणारा पृष्ठभाग शरीरात गेला म्हणजे काय होते? शरीर हे मुख्यतः पाण्याचे. त्यात प्रथिने विरघळलेली असतात. सिलिकोन रक्तात किंवा लघवीत बुडताच अल्पावधीत प्रथिनांचा पातळ थर त्यावर बसतो. त्या थराला जंतू चिकटतात, वाढतात आणि आपल्याभोवती चिकट पदार्थाचे आवरण तयार करतात. जंतूंच्या या वसाहतीला शास्त्रज्ञ बायोफिल्म म्हणतात. नदीतील दगडावरचे बुळबुळीत शेवाळ आठवा. दृश्य बरेचसे तसेच असते. या आवरणाखालील जंतूंपर्यंत प्रतिजैविक औषध पुरेसे पोहोचत नाही, आणि शरीराच्या संरक्षक पेशींनाही ते सहजासहजी सापडत नाहीत. म्हणूनच नळी आत असेपर्यंत औषधाने ताप उतरतो आणि औषध थांबताच पुन्हा चढतो, असा अनुभव अनेक घरांत येतो.

मूत्राशयातील नळीच्या बाबतीत आकडे बोलके आहेत. नळी बसविल्यानंतर दर दिवशी सुमारे ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू दिसू लागतात, आणि महिनाभरात बहुतेक सर्वांच्या लघवीत ते असतात. लघवीत जंतू असणे आणि आजार होणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे मात्र ध्यानी ठेवावे. प्रत्येकाला औषधाची गरज नसते. परंतु प्रोटियस नावाचा जंतू शिरला, तर तो लघवीतील युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतो. लघवी अल्कधर्मी होते आणि तीतील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार स्फटिक होऊन नळीवर जमतात. माझ्या वडिलांच्या नळीभोवतीचे कवच याच प्रकारचे होते. पूर्ण सिलिकोनची नळीही या क्षारांपासून सर्वस्वी मुक्त नाही. तिची पोकळी रुंद असल्याने ती तुलनेने उशिरा बुजते एवढेच.

प्लाझ्मा म्हणजे काय?

आता प्रश्न असा की, सिलिकोनचे आतील गुण तसेच ठेवून केवळ वरचा थर बदलता येईल काय? येथे प्लाझ्मा उपयोगी पडतो.

आम्हा डॉक्टरांच्या भाषेत प्लाझ्मा म्हणजे रक्तद्रव. येथे तो अर्थ घ्यावयाचा नाही. घन, द्रव आणि वायू यांच्यापुढची पदार्थाची जी चौथी अवस्था, तिला अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये हे नाव दिले. वायूला पुरेशी ऊर्जा मिळाली की त्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात, आणि इलेक्ट्रॉन, विद्युत्भारित आयन व उदासीन अणू यांचे एक चमकणारे मिश्रण तयार होते. आकाशातील वीज, सूर्य आणि आपल्या घरातील जुनी ट्यूबलाइट ही प्लाझ्माचीच रूपे होत.

तापमान आणि दाब यांनुसार वायूतील किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतील, हे सांगणारे समीकरण १९२० मध्ये एका भारतीयाने मांडले. त्यांचे नाव मेघनाद साहा. ढाका जिल्ह्यातील एका खेड्यात किराणा दुकानदाराच्या घरी १८९३ मध्ये त्यांचा जन्म झाला. कलकत्त्यात महाविद्यालयीन शिक्षण घेताना, वसतिगृहाच्या भोजनगृहात त्यांच्या जातीमुळे त्यांनी इतरांबरोबर जेवायला बसण्यास विरोध झाला. त्याच विद्यार्थ्याच्या समीकरणाने जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना ताऱ्यांचे तापमान ओळखण्याची किल्ली दिली. हे आपल्या मुलामुलींनी अवश्य लक्षात ठेवावे.

साहांचे समीकरण ताऱ्यांसारख्या तप्त आणि समतोल प्लाझ्मासाठी आहे. सिलिकोनवर वापरतात तो प्लाझ्मा वेगळ्या प्रकारचा असतो. त्याला शीत प्लाझ्मा म्हणतात. त्यातील इलेक्ट्रॉनांचे तापमान हजारो अंश असते. परंतु ते अतिशय हलके असल्याने मूळ वायू जवळजवळ खोलीच्या तापमानाचाच राहतो. म्हणून नाजूक नळी त्यात ठेवली तरी वितळत नाही.

प्रत्यक्ष कृती अशी. एका बंद पात्रात सिलिकोनची वस्तू ठेवतात. पंपाने हवा काढून दाब वातावरणाच्या हजाराव्या भागापर्यंत किंवा त्याहूनही खाली आणतात. मग थोडा ऑक्सिजन, आरगॉन, नायट्रोजन किंवा अमोनिया सोडतात आणि उच्च वारंवारतेची विद्युत्ऊर्जा देतात. बहुतेक यंत्रांत ही वारंवारता १३.५६ मेगाहर्ट्झ असते. पात्र मंद प्रकाशाने उजळते. काही सेकंद ते काही मिनिटांत काम संपते.

ऑक्सिजनचा प्लाझ्मा वापरला असता पृष्ठभागावरील मिथाइल गट तुटतात आणि त्यांच्या जागी ऑक्सिजन व हायड्रोजन यांचे गट येतात, ज्यांना पाण्याची ओढ असते. वरचा अतिपातळ थर काचेसारखा बनतो. बदलाची खोली काही नॅनोमीटर इतकीच, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा काही हजारावा भाग. आतील सिलिकोन पूर्वीप्रमाणेच मऊ व लवचिक राहते. मात्र पाण्याचा थेंब, जो पूर्वी मोत्यासारखा उभा होता, तो आता पसरतो. संपर्ककोन १०५ अंशांवरून कधी कधी १० अंशांच्याही खाली येतो. अमोनियाचा प्लाझ्मा वापरला तर पृष्ठभागावर नायट्रोजनयुक्त गट बसतात, आणि त्यांना पुढे रक्त गोठू न देणारे हेपॅरिन किंवा जंतूंना दूर ठेवणारे रेणू पक्के जोडता येतात. शेतीच्या भाषेत सांगायचे तर, प्लाझ्मा ही नांगरट आहे आणि नंतर जोडलेला रेणू हे पेरलेले बी.

प्रत्यक्ष उपयोग

या तंत्राचे सर्वांत यशस्वी उदाहरण डोळ्यांवरील भिंगाचे आहे. डोळ्याच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. तो आपला ऑक्सिजन हवेतून घेतो. जुन्या भिंगांतून ऑक्सिजन पुरेसा जात नसे. सिलिकोनमधून तो उत्तम जातो. पण सिलिकोनचे भिंग अश्रूंनी भिजेना, कोरडे पडे आणि त्यावर स्निग्ध पदार्थ जमत. १९९९ मध्ये सीबा व्हिजन आणि बॉश अँड लाँब या दोन कंपन्यांनी सिलिकोनयुक्त मऊ भिंगे बाजारात आणली. दोघींनीही पृष्ठभागासाठी प्लाझ्मा वापरला. पहिलीने सुमारे २५ नॅनोमीटर जाडीचा पाणीप्रेमी थर दिला, तर दुसरीने प्लाझ्माने पृष्ठभागावर काचेसारखी लहान लहान बेटे तयार केली. पुढे काही कंपन्यांनी प्लाझ्माऐवजी भिंगाच्या मिश्रणातच पाणीप्रेमी द्रव्य घालण्याची रीत स्वीकारली. येथे बसलेल्या तरुण-तरुणींपैकी अनेकांच्या डोळ्यांवर अशी भिंगे असतील. त्यांना डॉक्टर म्हणून एक सूचना करतो : भिंग कितीही चांगले असले तरी ते लावून झोपल्यास डोळ्याच्या जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

दुसरे उदाहरण निदानाच्या लहान यंत्रांचे. सिलिकोनच्या तुकड्यात केसासारख्या बारीक वाहिन्या कोरून त्यांतून रक्ताचा एखादा थेंब तपासणे आज शक्य झाले आहे. ती वाहिनी वरून बंद करण्यासाठी गोंद वापरला तर तो वाहिनीत शिरेल. १९९८ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की, सिलिकोनचे दोन पृष्ठभाग ऑक्सिजन प्लाझ्माने हाताळून एकमेकांवर ठेवले की ते कायमचे सांधले जातात. काचेशीही ते तसेच जुळतात. याच सिलिकोनच्या आधारे २०१० मध्ये त्याच विद्यापीठात मानवी फुप्फुसाच्या कार्याची लहान प्रतिकृती तयार झाली.

आपण ज्या देशात राहतो तेथेही या शास्त्राचे काम चालते, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे. कतार विद्यापीठाच्या प्रगत पदार्थ केंद्रातील संशोधकांनी पॉलिथिलीनसारख्या बहुवारिकांचा पृष्ठभाग प्लाझ्माने बदलण्याचे पुष्कळ काम केले आहे. २०१९ मध्ये त्यांनी चेक प्रजासत्ताकातील सहकाऱ्यांबरोबर, प्लाझ्माने तयार केलेल्या पॉलिथिलीनच्या पृष्ठभागावर जैविक रेणू बसवून तो जंतुविरोधी करण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. पदार्थ निराळा, तत्त्व तेच. भारतात गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने १९९७ मध्ये उद्योगांसाठी स्वतंत्र केंद्र काढले. अंगोरा सशाच्या निसरड्या लोकरीवर प्लाझ्माचा संस्कार करून तिचे सूत कातणे सोपे करण्याचे काम तेथे झाले. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातही प्लाझ्मा प्रक्रियांवर संशोधनाची दीर्घ परंपरा आहे.

मर्यादा

आतापर्यंत गुण सांगितले. परंतु वैद्याने दोष लपवू नयेत.

सिलिकोनवरील प्लाझ्माचा परिणाम टिकत नाही. आज पाणी पसरवणारा पृष्ठभाग काही तासांत वा काही दिवसांत पुन्हा पाणी झिडकारू लागतो. याचे कारण सिलिकोनच्या स्वभावातच आहे. त्याच्या साखळ्या विलक्षण चपळ असतात. उणे १२० अंशांच्या आसपास थंड केल्याशिवाय त्या गोठत नाहीत. खोलीच्या तापमानात त्या सतत हालत असतात. पृष्ठभागावरील पाणीप्रेमी गट आत वळतात, आणि आतील लहान, न जोडलेल्या साखळ्या हळूहळू वर येऊन पृष्ठभाग पुन्हा झाकून टाकतात. प्लाझ्मा जरुरीपेक्षा अधिक वेळ दिला तर काचेसारखा थर ठिसूळ होतो, त्याला सूक्ष्म तडे जातात आणि त्या तड्यांतून साखळ्या अधिकच वेगाने वर येतात. आपल्याकडे क्षणभंगुर गोष्टीला अळवावरचे पाणी म्हणतात. येथे मात्र टिकत नाही ते पाण्याचे पसरणे.

यावर उपाय शोधले गेले आहेत. हाताळलेली वस्तू पाण्यात ठेवली तर ऱ्हास मंदावतो. प्लाझ्मानंतर लगेच दुसरे रेणू रासायनिक बंधाने जोडले तर परिणाम अधिक टिकतो. परंतु जंतूंना रोखणाऱ्या अशा मूत्रनलिकांवरील बरेचसे काम अजून प्रयोगशाळेतच आहे.

प्रयोगशाळेतील यश रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचतेच असे नाही, याचे एक मोठे उदाहरण २०१२ मध्ये समोर आले. ब्रिटनमधील २४ रुग्णालयांत सात हजारांहून अधिक रुग्णांवर एक चाचणी घेण्यात आली. चांदीच्या मिश्रधातूचा लेप दिलेली नळी, जंतुनाशक औषध मुरविलेली सिलिकोनची नळी आणि साधी नळी यांची अल्पकालीन वापरासाठी तुलना झाली. चांदीच्या लेपाने जंतुसंसर्ग कमी झाला नाही. औषधयुक्त नळीने किंचित घट दिसली. पण ती व्यवहारात महत्त्वाची ठरावी इतकी नव्हती, आणि रुग्णांना त्रास अधिक झाला. हे दोन्ही पृष्ठभाग प्रयोगशाळेत जंतूंना रोखत होते. शरीरात मात्र प्रथिने, क्षार, काळ आणि माणसांचे हात हे सारे एकाच वेळी काम करीत असतात.

यावरून संशोधन व्यर्थ आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. भिंगाच्या बाबतीत तेच तंत्र यशस्वी झाले, कारण भिंग ठरावीक मुदतीने बदलले जाते, रोज काढून स्वच्छ करता येते आणि अश्रू त्याला सतत भिजवीत राहतात. नळी आठवडेच्या आठवडे आत राहते. पृष्ठभागाचा संस्कार उपयोगी आहे. मात्र तो कशावर केला, किती खोल गेला आणि किती दिवस टिकणार, हे ठाऊक असले पाहिजे.

आपण काय करावे?

आपल्यापैकी कित्येकांचे आईवडील, सासूसासरे महाराष्ट्रात आहेत. त्यांच्यापैकी कोणाला नळी बसविलेली असेल, तर आज घरी गेल्यावर फोन करा आणि पाच गोष्टी विचारा. नळी कोणत्या तारखेला बसविली? वेष्टनावर नेमका कोणता शब्द आहे, पूर्ण सिलिकोन की सिलिकोनाइज्ड लेटेक्स? वेष्टनाचे छायाचित्र मोबाइलवर मागवून घ्या. उत्पादकाने किती दिवसांची मुदत दिली आहे? पुढील बदलाची तारीख डॉक्टरांनी काय सांगितली? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नळीची गरज अजून आहे काय? कारण जंतुसंसर्ग टाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे गरज संपताच नळी काढणे.

घरच्या शुश्रूषेचे नियम साधे आहेत. नळीला हात लावण्यापूर्वी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीच्या खाली असावी, पण जमिनीला टेकू नये. नळी व पिशवीचा जोड विनाकारण उघडू नये. नळीला पीळ पडू देऊ नये. डॉक्टरांनी पाणी कमी पिण्यास सांगितले नसेल, तर रुग्णाला भरपूर पाणी द्यावे. थंडी वाजून ताप आला, लघवी थांबली, पोट फुगले किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. ताप नसताना केवळ लघवीत जंतू दिसले म्हणून दुकानातून प्रतिजैविक आणून देऊ नये. त्याने जंतू अधिक हट्टी होतात.

विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींना दोन शब्द. आपल्या समाजातील पालकांना मुलगा डॉक्टर व्हावा, मुलगी डॉक्टर व्हावी, अशी इच्छा असते, आणि ती स्वाभाविक आहे. परंतु डॉक्टरच्या हातातील नळी कोणीतरी रसायनशास्त्रज्ञाने, भौतिकशास्त्रज्ञाने आणि अभियंत्याने विचार करून बनविलेली असते. जिल्ह्याच्या रुग्णालयात स्वस्त दरात मिळेल आणि तीन महिने खरोखर टिकेल, अशी नळी अद्याप तयार व्हावयाची आहे. तुमच्यापैकी कोणी ते काम हाती घेतले, तर माझ्यासारख्या अनेक मुलांचे वडील वाचतील.

माझे वडील त्या वेळी वाचले. सतरा दिवस रुग्णालयात काढून ते घरी आले आणि त्यानंतर दोन वर्षे आमच्यात होते. त्या दोन वर्षांत पूर्ण सिलिकोनची नळी वेळेवर बदलण्याचे काम माझ्या भावजयीने स्वतःकडे घेतले. ती सातवीपर्यंत शिकलेली आहे. कालनिर्णयाच्या पानावर ती बदलाच्या तारखेभोवती लाल वर्तुळ काढी आणि त्याच्या दोन दिवस आधी मला दोह्यात फोन येई, "भाऊजी, परवा नळीची तारीख आहे." एकही तारीख चुकली नाही.